जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार नाशकात सांभाळायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार, यातली एखादी जुनी दोन सीटची गाडी घ्यायची आहे किंवा घरात आजोबांची शेडमध्ये पडून आहे, अशा लोकांचे तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून एमजीबी या एमजीच्या मॉडेलची आहेत, कारण १९६२ ते १९८० एवढा मोठा काळ ती बनली, पाच लाखांच्या वर बनली आणि तिच्याबद्दलची माहिती आणि पार्ट दोन्ही मिळतात. बाकी गाड्यांचं जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय.

पहिलीच गाडी आहे, कुठली घेऊ?

एमजीबी, एमजी मिजेट किंवा ट्रायम्फ स्पिटफायर. चार सिलिंडर, साधं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. जग्वार ई-टाइप जगातली सगळ्यात देखणी गाडी असेल, मला पण ती फार आवडते, पण सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन किंवा १९७१ नंतरचं व्ही-१२ हे पहिल्या गाडीला झेपणारं काम नाही, एकेका कामाचा खर्च आणि वेळ दोन्ही अंगावर येतात. एमजी टीसी, टीडी अशा जुन्या टी-सिरीज गाड्या आपल्याकडे बघायला मिळतात आणि चालवायला फार गोड आहेत, फक्त एक लक्षात ठेवा, त्यांच्या बॉडीचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्यावर पत्रा. लाकूड सडलं किंवा वाळवी लागली की दारं लोंबायला लागतात, मग डेंटरच्या आधी सुतार शोधावा लागतो.

बघायला गेल्यावर आधी काय तपासू, इंजिन ना?

नाही. आधी बॉडी, मग बॉडी, मग इंजिन. इंजिन नाशकात कुठेही बांधून होईल, सडलेला पत्रा मात्र तुमचा खिसा रिकामा करेल. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी आहे, आणि दाराखालचे जे उंबरे असतात ना, सिल म्हणतात ते, त्यांच्यावर सगळा भार आहे. बाहेरचा पत्रा, मधला पत्रा आणि आतला पत्रा असे तीन थर मिळून सिल बनतो. बाहेरून चकाचक पेंट मारलेला असतो आणि आतले दोन थर गेलेले असतात.

तपासायची पद्धत सांगतो. गाडी सपाट जागी उभी करा. दार बंद करून दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट बघा, सारखी आहे का. मग जॅकिंग पॉइंटला जॅक लावून हळूहळू ती बाजू उचला आणि दार उघडून बंद करून बघा. फट बदलत गेली, दार घासायला किंवा अडकायला लागलं, तर गाडी मधून वाकतेय, म्हणजे सिल गेलेत. जॅकिंग पॉइंटच कुरकुर करत आत जायला लागला तर लगेच खाली उतरवा, पुढचं काही बघायची गरज नाही. शिवाय एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिल, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सीटमागचं झाकण उघडून बॅटरीच्या पेट्या बघा, १९७४ पर्यंतच्या एमजीबीत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या आणि अॅसिड सांडून तो पत्रा हमखास खातो.

इंजिनचं सांगायचं तर गार असताना स्टार्ट करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलंय का ते बॉनेटला हात लावून बघा. ऑइल प्रेशरचा काटा गरम इंजिनवर आयडलला किती खाली येतो ते बघा, निळा धूर, हेड गॅस्केटपाशी पाणी, बस्स.

सिलचं काम नाशकात होईल का?

होईल, पण कुठल्याही डेंटरकडे नको. सिल कापायच्या आधी गाडीला खालून नीट आधार पाहिजे आणि दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्यायला पाहिजेत, नाहीतर जुना सिल कापला की गाडी खचते आणि तशीच खचलेली वेल्ड होते, मग दारं कधीच नीट लागत नाहीत. एका गाडीचं असं झालेलं मी स्वतः बघितलंय, पेंट अप्रतिम होता आणि दार मात्र उचलून लावावं लागायचं, बघून जीव तुटला. काम सुरू करायच्या आधी डेंटरला विचारा की आधार कसा देणार, उत्तर लगेच आलं नाही तर दुसरीकडे जा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा उष्णतेने वाकतो, सीओटू वेल्डिंगच करायला सांगा. नवीन पत्रे ब्रिटिश मोटर हेरिटेजचे मिळतात, मूळ डायवर बनलेले, एमजीबीची तर अख्खी नवीन बॉडी सुद्धा ते बनवतात.

कागदपत्रांचं काय? पेठ रोडला आरटीओत गेलो तर काय म्हणतील?

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी, बाहेरून आणलेली सुद्धा, व्हिंटेज म्हणून रजिस्टर करता येते. नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, ते १० वर्षं चालतं, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. नवीन नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, आणि गाडी आधीच रजिस्टर असेल तर जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्या काळचा नंबर असेल तर तो सोडू नका, त्याची मजा वेगळीच आहे.

पण एक अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, यासाठीच रस्त्यावर आणता येते आणि धंद्यासाठी, म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्याने वगैरे, अजिबात नाही. रविवारी मनात आलं की काढायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर हा रस्ता आहे. दोन्हीपैकी काय सोयीचं ते आधी ठरवा.

दुसरी अट अजून महत्त्वाची आहे, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यामुळे मूळ इंजिन काढून मारुतीचं बसवा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कागदावर पण अडचण आणि गाडीचा जीव पण गेला.

आणि घेण्यापूर्वी आरसी बुकवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवर वाचा. फोटोवर विश्वास नको.

नवीन एमजीच्या शोरूममध्ये पार्ट मिळतात का?

नाही. नाव तेच आहे, पण आता तो ब्रँड चीनच्या एसएआयसीकडे आहे आणि आत्ताच्या गाड्यांचा अॅबिंग्डनच्या कारखान्यातल्या जुन्या एमजीशी पार्टच्या बाबतीत काही संबंध नाही.

मग पार्ट कुठून आणायचे?

इंग्लंडमधून मागवायचे, आणि खरं सांगतो, दहा वर्षं जुन्या एखाद्या परदेशी गाडीपेक्षा साठ वर्षं जुन्या एमजीबीचे पार्ट सोपे मिळतात. एमजीसाठी मॉस, ट्रायम्फसाठी रिमर ब्रदर्स, एसयू कंपनीच्या कार्बोरेटर आणि पंपासाठी बर्लेन. कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशोब करा आणि एकेक गॅस्केट मागवत बसू नका, वर्षाची यादी करून एकदम मागवा.

पण सगळं बाहेरूनच लागतं असं नाही. अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बी-सिरीज, एमजीए १५०० चं इंजिन त्याच कुळातलं आणि एमजीबीचं १७९८ सीसी हे त्याच घराण्यातलं मोठं भावंड. म्हणून जुने अँबेसेडरवाले मिस्त्री या इंजिनला घाबरत नाहीत. तसंच स्पिटफायरचं, तिचं पुढचं सस्पेन्शन ट्रायम्फ हेराल्डवरून आलेलं आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची. भंगारवाल्याकडे किंवा जुन्या स्पेअरच्या दुकानात हेराल्डचा डबा निघाला तर सोडू नका, फक्त बसवण्याआधी व्हर्नियर लावून माप घ्या, दिसायला सारखं असलं म्हणजे माप सारखं असेलच असं नाही.

टायरची तर काळजीच नको. एमजीबीच्या १४ इंची चाकाला १६५/८० आर१४ चालतो, जो मारुती स्विफ्टच्या बेस मॉडेलला यायचा. स्पिटफायरच्या १३ इंची चाकाला वॅगनआरचा १५५/८० आर१३ बघा. तारांचे स्पोक असलेली चाकं असतील तर आत ट्यूब टाकायला विसरू नका.

नाशकात बसून हे सगळं जमेल, की मुंबई-पुण्याला पळावं लागेल?

माझं ठाम मत आहे की या गाडीसाठी नाशिकसारखं गाव नाही. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत महिंद्रा आणि बॉशच्या जिवावर उभी राहिलेली छोटी छोटी जॉबवर्कची शॉप आहेत, आणि तिथले टर्नर मायक्रॉनमध्ये बोलतात. किंग पिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बुश, व्हॉल्व्ह सीट, ब्रेक ड्रम टर्न करणं, वॉटर पंपाचा शाफ्ट, हे सगळं माइको सर्कलपासून थोड्या अंतरावर होतं. फक्त जाताना नुसता झिजलेला पार्ट घेऊन जाऊ नका, मूळ माप मॅन्युअलमधून काढून कागदावर लिहून न्या. झिजलेल्या पार्टवरून माप घेतलं तर तेवढाच झिजलेला नवीन पार्ट हातात येतो.

माझ्याकडचे पाने चालतील का?

मिलिमीटरचे पाने बाजूला ठेवा. एमजीबीवर बहुतेक यूएनएफ आटे आहेत आणि त्याला इंची, म्हणजे एएफचे पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना लागतो असं वाटतं आणि थोडा जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नीने तोडत बसा. टी-सिरीज एमजीच्या इंजिनवर तर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची डोकी आहेत, त्यांना तिसराच सेट. शिवाय फिलर गेज, ग्रीस गन, गाडीखाली लावायच्या दोन दणकट घोड्या आणि एक जाड तांब्याचा हातोडा घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नका.

नेहमीचा मेंटेनन्स काय असतो?

थोडा पण सतत. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५०, झिंक असलेलं, कारण या इंजिनांचे टॅपेट सपाट असतात आणि नवीन पातळ तेलात कॅम झिजतो. एमजीबीत सव्वाचार लिटरच्या आसपास बसतं. टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) गार इंजिनवर ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ०.०१५ च्या आसपास, प्लग ०.०२५ इंच. किंग पिनला ग्रीस नियमित मारा, गाडी जॅकवर उचलून मारा म्हणजे ग्रीस नीट शिरतं. लिव्हरवाले शॉक अॅब्सॉर्बर असतील तर त्यात त्यांचंच तेल.

स्पिटफायरवाल्यांनी हे दोनदा वाचा: पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे फिरत्या सांध्यात, ग्रीस नाही, ईपी-९० तेल घालायचं असतं. तेल नाही मिळालं तर आत गंज आणि झीज होते, एक दिवस वर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) तुटते आणि चाक आडवं होतं. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

ब्रेकमध्ये डॉट-४ फ्लुइड, दोन वर्षांनी पूर्ण बदला, आणि इंजिन ऑइलचा एक थेंब सुद्धा त्यात जाऊ देऊ नका, सगळे रबर फुगतात. तारांची चाकं असतील तर स्प्लाइनला (हबच्या दातेरी भागाला) ग्रीस लावा आणि मधले मोठे नट डावे-उजवे एकमेकांत बदलू नका, दोन्ही बाजूंचे आटे उलटसुलट असतात ते कारणासाठीच, अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत नट सैल होतो.

एसयू कार्बोरेटर ट्यून करणारा कोणी आहे का? सगळे म्हणतात फार अवघड.

अवघड नाही, सवय नाही. आधी टॅपेट, पॉइंट, टायमिंग बरोबर करा, मग कार्बला हात लावा, बहुतेक वेळा दोष कार्बचा नसतोच. वरच्या पितळी टोपीचा स्क्रू उघडून डॅशपॉटमध्ये तेल आहे का बघा, नसेल तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते आणि माणूस उगाच जेट फिरवत बसतो. दोन कार्ब असतील तर रबराच्या नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बच्या तोंडाशी धरा, हवेचा आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू जुळवा.

मग मिक्स्चर. कार्बच्या बाजूला खालून वर ढकलायची एक बारीक पिन असते, ती जेमतेम एक मिलिमीटर वर करा म्हणजे पिस्टन उचलला जातो, आणि इंजिनचा आवाज ऐका. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिक्स्चर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. लगेच पडला, बंद पडायला आला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. खालचा नट एका वेळी एकच पैलू फिरवा आणि परत ऐका. इंजिन पूर्ण गरम पाहिजे आणि चोक पूर्ण बंद. हे एकदा कानात बसलं की जन्मात विसरत नाही, आणि गाडी स्वतःच्या हाताने सुरळीत झाली की जो आनंद होतो तो कुठल्याही नवीन गाडीत नाही.

ई२० पेट्रोल घालायचं का? दुसरं मिळतच नाही.

घालावं लागतंय तर तयारी करून घाला. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल जुने रबर होस आणि कार्बमधले सील मऊ करतं, टाकीतला जुना गंज सोडवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. सगळे पेट्रोलचे होस आर९ दर्जाचे, म्हणजे इथेनॉल सोसणारे टाका, एक चांगला फिल्टर लावा आणि मिक्स्चर थोडं रिच करा कारण इथेनॉलमुळे लीन होतं. महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्बचे फ्लोट बाउल रिकामे करा.

शिशाचा प्रश्न वेगळा आहे. देशभर २००० सालापासून पेट्रोल बिनशिशाचं आहे आणि जुन्या लोखंडी हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट हळूहळू खोल जाते. ओळखायचं कसं, तर दरवेळी टॅपेट गॅप कमी झालेला सापडतो. तसं व्हायला लागलं की हेड उघडून कडक सीट बसवून घ्या, एकदा केलं की कायमचं मिटलं.

कसारा घाटात गरम होते, काय करू?

आधी रेडिएटर साफ करून घ्या. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेलं असतं आणि आत क्षार जमून अर्ध्या नळ्या बंद असतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, दुसरं काही नाही. मग टायमिंग, मागे पडलेल्या टायमिंगने आणि लीन मिक्स्चरने गाडी हमखास तापते. थर्मोस्टॅट काढून टाका असं सांगणारे खूप भेटतील, काढू नका, ८२ डिग्रीचा घाला. डिसेंबरात निफाडकडे पहाटे गेलात की कळेल का ते, इंजिन तापतच नाही आणि चोकवर चालून पेट्रोल तेलात उतरतं.

घाट चढून थांबल्यावर परत चालू होत नसेल तर ती उष्णता कार्बला पोचलेली असते, खाली एक्झॉस्ट आहे ना. बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, होते चालू. उतरताना मात्र ब्रेकवर भरवसा ठेवून उतरू नका, पुढे डिस्क असली तरी मागे ड्रम आहेत, गिअरमध्येच उतरा.

वायरिंग सगळं नवीन करून टाकू का?

आधी समजून घ्या. या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान लुकास कंपनीचं, त्यांच्या वायरींना रंगांचा नियम आहे: ब्राउन म्हणजे बॅटरीचा कायम करंट, पांढरी म्हणजे किल्ली चालू केल्यावरचा, हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेला, जांभळी म्हणजे कायम पण फ्यूजमधून, काळी अर्थ. एवढं पाठ केलं की निम्मे फॉल्ट सापडतात, आणि उरलेले निम्मे अर्थचे असतात, नट काढून पत्रा घासून चकचकीत करा आणि परत लावा. जो वायरमन सगळ्या वायरी एकाच रंगाच्या टाकतो त्याला गाडी देऊ नका.

फ्यूजचं नीट ऐका. जुना ३५ अँपिअरचा लुकास फ्यूज ३५ ला उडतो, पण सतत १७ अँपिअरच सोसतो. आपल्याकडचा ३५ आकडा लिहिलेला फ्यूज टाकला तर तो सतत ३५ सोसतो आणि त्याआधी वायर जळते. आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, बॅटरी लावण्याआधी खात्री करा.

पावसाळ्यात काय करायचं?

चालवायची, फक्त जागा बघून. नाशिक शहरात ठीक आहे, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला धो धो पावसात नको. आली की खालून साध्या पाण्याने चिखल धुवा, सिलची आणि दारांची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा, आत मॅट उचलून सुकवा, टप (कापडी छत) ओला असताना दुमडू नका. सिलच्या पोकळीत मेणाचं गंजरोधक फवारून घ्या. कापडी कव्हर घाला, प्लास्टिकचं घातलं तर आत घाम धरतो. आणि उंदीर, त्यांचा बंदोबस्त करा, वायरिंग सगळ्यात जास्त तेच खातात.

चार महिने झाकून ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, क्लच चिकटतो, पंपाचे पॉइंट चिकटतात. उघडीप मिळाली की गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, पूर्ण गरम होऊ द्या. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं त्यापेक्षा वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

इन्शुरन्स?

थर्ड पार्टी तर लागतोच. बाकीचा घेताना ठरलेल्या किमतीवर घ्या आणि ती किंमत पॉलिसीवर छापून घ्या, नाहीतर जुनी गाडी म्हणून कवडीमोल धरतात. गाडीचे सगळ्या बाजूंचे फोटो आणि बिलं जपून ठेवा.

रस्त्यात बंद पडली तर?

किल्ली फिरवा, स्टार्टर मारू नका, ऐका. एसयूचा इलेक्ट्रिक पंप असेल तर मागून टक टक टक असा आवाज येतो आणि कार्ब भरले की थांबतो. थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळतंय. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पंपावर डिसमिसच्या (स्क्रूड्रायव्हरच्या) दांड्याने हळूच टिचकी मारा, बहुतेक वेळा सुरू होतो, पण घरी आल्यावर पॉइंट साफ करा. पंप ठीक आहे आणि तरी चालू होत नाही तर स्पार्क बघा, आणि तो नसेल तर कंडेन्सर बदला, हल्लीचे नवीन कंडेन्सर फार लवकर जातात. म्हणून डिकीत कायम हे असू द्या: कंडेन्सर, पॉइंट, रोटर, एक प्लग, फॅन बेल्ट, फ्यूज, थोडी वायर, दोन लिटर पाणी, इंची पाने आणि हातोडा. एवढ्या सामानावर वणीला जाऊन सप्तशृंगीचं दर्शन घेऊन आरामात परत येता येतं.